लाइट लाइट ब्लॅक

कृष्णधवल फोटो घरीच छापणाऱ्या माणसाकडे चहाला जाऊ नये. चहा मिळतो, पण आधी परीक्षा द्यावी लागते. चपला काढून आपण सोफ्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच यजमान दोन कागद आपल्या नाकासमोर धरतात आणि विचारतात, "यातला कुठला बरा वाटतो?" दोन्ही कागदांवर फोटो एकच असतो. तोच मेणवलीचा घाट, त्याच पायऱ्या, तीच धुणं धुणारी बाई आणि तिचा तोच वर गेलेला हात. आपण डावा बघतो, उजवा बघतो, पुन्हा डावा बघतो. "डावा" म्हणालो तर, "अस्सं! म्हणजे सावल्या बुजलेल्या चालतात तुम्हाला." "उजवा" म्हणालो तर, "हं, बहुतेकांना तोच आवडतो," आणि हे 'बहुतेक' काय लायकीचे लोक असतात ते आवाजावरून कळतं. "दोन्ही सारखेच वाटतात" असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याच्या चहात साखर कमी पडते.

आमचे असे एक स्नेही कोथरूडला राहतात. बँकेत त्यांचं उभं आयुष्य चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात गेलं. निवृत्तीनंतर ती नजर मोकळी झाली आणि फोटोंवर पडली. सुरुवातीचे दिवस रंगीत फोटोंचे होते, तोवर घरात शांतता होती. मग कोणीतरी त्यांना अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं पुस्तक भेट दिलं. या अमेरिकन गृहस्थांनी फ्रेड आर्चर नावाच्या मित्राच्या मदतीनं, साधारण १९४०च्या सुमारास, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या वाटेचे शून्य ते दहा असे अकरा टप्पे पाडले. त्यांना झोन म्हणतात. शून्य म्हणजे काहीच दिसू नये असा काळा, दहा म्हणजे कोरा कागद. तेव्हापासून स्नेह्यांच्या दोन खोल्यांच्या घरात अकरा झोन आहेत. आपलं स्वयंपाकघर तिसऱ्या झोनमध्ये येतं, असं वहिनी सांगतात. तिसरा झोन म्हणजे अंधार, पण भांडी ओळखू येतील इतपत. तिथला दिवा बदलायला यांना वेळ होत नाही.

आपल्यासारख्यांना वाटतं, फोटोतले रंग काढून टाकले की काम निम्म्यानं कमी होईल आणि खर्चही. होतं उलटंच. साध्या रंगीत प्रिंटरला करडा रंग ठाऊकच नसतो. तो निळा, किरमिजी आणि पिवळा एकत्र कालवून करडा 'तयार' करतो. यातला एखादा थेंब कमीजास्त झाला, की करड्यात हिरवट नाहीतर गुलाबी झाक येते. रंगीत फोटोत आत्याची साडी जरा जास्त लाल झाली तर आत्यासकट कोणाच्या लक्षात येत नाही. पण करड्यातली एवढीशी झाकसुद्धा डोळा लगेच पकडतो. स्नेह्यांचा डोळा तर ती प्रिंट बाहेर येण्याआधीच पकडतो.

त्यातून ही झाक एका जागी राहत नाही. दिवा बदलला की तीही बदलते. शाईतल्या निरनिराळ्या रंगद्रव्यांवर प्रत्येक उजेडाचा परिणाम निराळा होतो, म्हणून तोच फोटो उन्हात हिरवट आणि पिवळ्या बल्बखाली गुलाबी दिसू शकतो. याला मेटामेरिझम असं नाव आहे आणि हे नाव समजल्यापासून स्नेह्यांच्या घरातल्या हालचाली वाढल्या आहेत. प्रिंट निघाली की ते ती घेऊन हॉलमधल्या ट्यूबखाली उभे राहतात. तिथून देवघरातल्या छोट्या बल्बखाली. तिथून गॅलरीत, उन्हात. मग संध्याकाळ व्हायची वाट बघतात, कारण संध्याकाळचं ऊन वेगळं. एकदा प्रिंट घेऊन खाली सोसायटीच्या पार्किंगमध्येही गेले होते, तिथं नव्या पद्धतीचा एलईडी लावला आहे म्हणून. वॉचमनला वाटलं काका हरवलेल्या माणसाचा फोटो दाखवताहेत. त्यानं धुणाऱ्या बाईकडे नीट निरखून पाहिलं आणि सांगितलं, "नाही साहेब, ही इकडं आली नाही."

या रोगावर एप्सन कंपनीनं २००५ साली मोठा उतारा काढला. एका प्रिंटरमध्ये तीन काळ्या शाया घातल्या. एक पूर्ण काळी, एक फिकट काळी आणि एक आणखी फिकट. या तिसरीचं नाव लाइट लाइट ब्लॅक. म्हणजे फिकट फिकट काळा. करडा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. आठ शायांपैकी तीन काळ्या, त्यामुळे करड्यासाठी रंग कालवण्याची गरज जवळजवळ संपली. इतर कंपन्यांनीही आपापल्या करड्या शाया काढल्या आणि जगभरच्या निवृत्त मंडळींचा मोठाच प्रश्न सुटला.

जवळजवळ म्हणालो, कारण काळी शाई काळी असते हाही एक समजच. रंगद्रव्याच्या काळ्या शाईत असतो कार्बन, म्हणजे आपली काजळी. पोथ्या लिहायची शाई दिव्याच्या काजळाची करत, त्याच कुळातली ही. ती दाट असली की काळी दिसते, पातळ केली की तपकिरीकडे झुकते. म्हणून निव्वळ काळ्या शायांनी छापलेला फोटो चहा सांडल्यासारखा दिसू नये यासाठी प्रिंटर त्यात गुपचूप चिमूटभर निळा आणि किरमिजी सोडतो. शुद्ध काळ्यापांढऱ्यात रंग असतात, हे स्नेह्यांना कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि हा पूर्ण काळाही एक नाही. चकचकीत कागदासाठी फोटो ब्लॅक, खरखरीत कागदासाठी मॅट ब्लॅक. बऱ्याच जुन्या प्रिंटरांत या दोघांचा रस्ता एकच असतो. एकाला सोडायचं तर आधी दुसऱ्याची शाई नळीतून काढून टाकावी लागते, आणि ती शाई जाते प्रिंटरच्या पोटातल्या बोळ्यात. स्नेह्यांनी यावर कारभार बसवला आहे. श्रावणात मॅट, दिवाळी उरकली की ग्लॉसी. मध्येच कोणी चकचकीत प्रिंट मागितली तर सांगतात, "आता तुळशीच्या लग्नानंतर."

शाई आली तरी छापता येत नाही. 'प्रिंट' म्हटलं की पडद्यावर जी चौकट उघडते तिच्यात नोकरीच्या अर्जाला लाजवतील इतके प्रश्न असतात. रंगांचा कारभार कोण बघणार, प्रिंटर की फोटोशॉप? दोघांपैकी एकानंच बघायचा असतो. दोघंही बघू लागले तर आधी फोटोशॉप रंग सुधारतं, मग ते सुधारलेलेच प्रिंटर पुन्हा सुधारतो, आणि धुणारी बाई भुतासारखी बाहेर येते. पुढं, प्रोफाइल कुठली? काळा कुठं कापायचा? टोन कसा हवा? इथं नॉर्मल, डार्क, डार्कर आणि डार्केस्ट असा चढता क्रम आहे. एक रंगीत वर्तुळही असतं. त्यात ठिपका हलवून फोटो थंड हवा की उबदार ते ठरवायचं. स्नेही तो ठिपका केसभर डावीकडे नेतात, छापतात, केसभर वर नेतात, छापतात. आपल्याला चहापूर्वी दाखवतात ते हेच दोन केस.

मला या चौकटीतला सर्वांत आवडता प्रश्न आहे, कागद कोणता? कारण इथं खोटं बोलावं लागतं, आणि तेही कागदाच्या कंपनीच्या लेखी सूचनेवरून. प्रिंटरला फक्त स्वतःच्या कंपनीचे कागद माहीत. आपण घातलेला असतो भलत्याच देशातला. मग त्या कागदाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की प्रिंटरनं विचारलं तर अमुक वॉटरकलर पेपर आहे असं सांगा. आयुष्यात एकही खोटी नोंद न केलेला बँकेचा माणूस रोज सकाळी उठून यंत्राला जर्मन कागद जपानी म्हणून सांगतो आणि यंत्र विश्वास ठेवतं.

रिझोल्यूशनबद्दल फार बोलत नाही. फोटोला इंचाला तीनशे ते तीनशेसाठ ठिपके मिळाले की पुरे. त्याच्यावरचं सगळं भिंग घेऊन बघणाऱ्यांसाठी आहे. स्नेह्यांकडे भिंग आहे.

या सगळ्यात खरोखर उपयोगाची गोष्ट एकच, आणि ती प्रिंटरमध्ये नसतेच. घरी छापणाऱ्यांची पहिली तक्रार असते, की पडद्यावर छान दिसतं आणि कागदावर काळोख पडतो. पडदा स्वतः उजळतो, कागदाला खोलीतला उजेड उसना घ्यावा लागतो. दुकानातून आलेला पडदा डोळे दिपवील इतका झगझगीत असतो, त्याच्यावर बेतलेला फोटो कागदावर बुडणारच. पडद्याचा उजेड शंभर कँडेलाच्या आसपास उतरवला, की निम्म्या प्रिंटा आपोआप सुधारतात. ही माहिती फुकट असल्यामुळे स्नेह्यांनी ती बराच काळ मनावर घेतली नव्हती. मग घेतली ती अशी, की आता त्यांचा पडदा मंद, खिडकीला जुनी सोलापुरी चादर, भिंतीला करडा रंग आणि भाच्याला पांढरा शर्ट घालून त्या खोलीत जायला बंदी. त्या पडद्यावर वहिनींना मालिका बघायची असते. नायिका रडतेय की हसतेय, हे हल्ली त्या आवाजावरून ओळखतात.

आता कागद.

पूर्वी तालुक्याच्या गावच्या स्टुडिओत हा प्रश्न नव्हता. ब्रोमाइड कागद असायचा, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' किंवा एखादा परदेशी. त्याला नंबर असत. निगेटिव्ह फिकट असली की कडक नंबरचा कागद, भडक असली की मऊ नंबरचा. स्टुडिओवाला लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवत मनात आकडे मोजायचा आणि वेळ झाली की काढायचा. गिऱ्हाइकाला एकच प्रश्न, "पोस्टकार्ड की कॅबिनेट?" आज जगभरातले लोक डिजिटल प्रिंटवर एवढा पैसा आणि जीव टाकतात तो कशासाठी, तर ती त्या ब्रोमाइडसारखी दिसावी म्हणून. त्यासाठी बरायटा नावाचा कागद मिळतो. जुन्या फोटोकागदात चित्राच्या थराखाली बेरियम सल्फेटचा पांढरा थर असे, तो या नव्या कागदातही घालतात. ज्यांनी पोटाचा एक्स-रे काढायला बेरियम घेतलं आहे त्यांना हा पदार्थ चवीनं माहीत आहे. स्नेह्यांनी तेही घेतलं होतं. दोन्ही प्रकारांत त्यांना प्रिंट बघायला मिळाली, पण पोटाच्या प्रिंटमधले हायलाइट्स उडाले होते असं त्यांचं मत आहे.

चकचकीत कागदावर काळा खोल जातो, खरखरीत कागदावर तेवढा जात नाही. घनतेच्या मोजपट्टीवर पहिला सवादोनच्या पुढं, दुसरा दीडपावणेदोनच्या आसपास. म्हणून आकड्यांत ग्लॉसी जिंकतो. पण तो भिंतीवर लावला, की फोटोत घाट दिसण्याऐवजी आपण दिसतो, मागची ट्यूब दिसते आणि चहा घेऊन येणाऱ्या वहिनी दिसतात. माझं मत मॅटला आहे. मला त्यात कळतं म्हणून नव्हे, मॅटवर फोटो दिसतो म्हणून. ज्यांना दोन्हींचा मोह सुटत नाही त्यांच्यासाठी लस्टर आणि पर्ल आहेत, चकचकीत म्हणवत नाही आणि मॅट म्हणता येत नाही असे. लग्नाचे अल्बम याच कागदांवर सुखानं नांदतात.

मॅटमध्येही उच्चकुलीन म्हणजे सुती कागद. हानेम्यूले नावाची जर्मन गिरणी आहे, ती १५८४ सालची. त्याच साली, शके १५०६ मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ही गोष्ट मी एकदा सहज बोलून गेलो. तेव्हापासून स्नेही त्या कागदाचं पाकीट उघडण्यापूर्वी हात धुतात. त्या कागदाचं वजन चौरस मीटरला ३०८ ग्रॅम. झेरॉक्सचा कागद सत्तर ते ऐंशीचा असतो. हा हातात घेतला की लग्नपत्रिका आल्यासारखं वाटतं आणि आहेर किती करावा याचा विचार मनात येतो. किंमत बघितल्यावर तो प्रश्न सुटतो, आहेर आपण आधीच केलेला असतो.

असल्या कागदाचा पांढरा हा अगदी पांढरा नसतो, सायीच्या रंगाकडे जातो. लखलखीत पांढरे कागद मिळतात, पण त्यात उजळक द्रव्यं असतात. एकेकाळी कपडे धुताना आपण जे टिनोपॉल घालत असू, त्याच जातीची. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेऊन ती निळसर उजेड परत देतात, म्हणून कागद जास्त पांढरा भासतो. एलईडीच्या उजेडात अतिनील किरण जवळपास नसतातच, तिथं तोच कागद उतरलेला वाटतो, आणि वर्षं गेली की द्रव्यांचा जोर ओसरून तो पिवळटही पडतो. एवढं ऐकल्यावर वहिनींनी विचारलं, "म्हणजे यांची बनियन उन्हात पांढरी आणि घरात पिवळी दिसते, ती यामुळं का?" या शास्त्राचा घरात झालेला हा एकमेव उपयोग.

मध्यंतरी स्नेह्यांना स्वदेशीचा झटका आला होता. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासून हातकागद संस्था आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा तर कितीतरी जुनी. मग जर्मनीला पैसे कशाला, म्हणून हातकागद आणला. कागद देखणा होता, पण छापल्यावर सगळी शाई आत मुरली आणि मेणवलीत धुकं पडलं. दोष कागदाचा नव्हता. शाईचा थेंब वरच्या वर धरून ठेवायला फोटोकागदावर खास लेप असतो, तो याच्यावर नव्हता. पत्र लिहायला हा कागद सुरेख आहे. स्नेह्यांनी त्यावर सविस्तर पत्र लिहून मला हेच कळवलं. मी चार इमारती सोडून राहतो.

मॅट कागदाला हा लेप बहुधा एकाच बाजूला असतो आणि दोन्ही बाजू दिसायला सारख्या. मग ओळखायची कशी? कोपरा ओल्या बोटानं चाचपायचा, बोटाला चिकटेल ती बाजू छापायची. यासाठी स्नेह्यांनी नोटा मोजायचा ओला स्पंज पुन्हा टेबलावर आणला आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर इतक्या समाधानानं बोट ओलं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पावसाळ्यात कागद कोपऱ्यांतून वळतो आणि प्रिंटरचं हेड वळलेल्या काठाला घासून काळा ओरखडा काढतं, म्हणून कागद मराठी विश्वकोशाच्या खंडांखाली दाबून ठेवतात. छापलेली प्रिंट दिवसभर उघडी वाळवावी लागते, ओलसर असतानाच फ्रेममध्ये घातली तर काचेवर आतून वाफ धरते. वाळवायची जागा म्हणजे डबल बेड. पाहुणा म्हणून राहायला गेलात तर अंथरूण हॉलमध्ये मिळेल आणि उशाला विश्वकोशाचा रिकामा खंड.

प्रिंटभोवती चार बोटं पांढरी कड सोडायची पद्धत आहे. तिच्यावर नातेवाईकांचा राग आहे. "कागद वाया घालवलास," असं वहिनींच्या थोरल्या वन्संनी तोंडावर सांगितलं. त्या कडेवर खाली पेन्सिलीनं सही करतात आणि दुसऱ्या टोकाला किती प्रतींपैकी कितवी तो आकडा घालतात. पेन नाही, पेन्सिलच. पेनाची शाई उडते नाहीतर कागदाला बाधते, पेन्सिल टिकते.

गेल्या महिन्यात गॅस एजन्सीनं केवायसीसाठी आधार कार्डाची प्रत मागितली. दुपारची वेळ, कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद. घरात तीन प्रकारचा काळा होता, साधा कागद एकही नव्हता. तेव्हा श्रावण असल्यामुळं मॅट ब्लॅक चढवलेला होताच. स्नेह्यांनी आधार कार्ड स्कॅन केलं, पार्श्वभूमीतला डाग काढला, सावल्या थोड्या उघडल्या, सुती कागदाला ओलं बोट लावलं आणि प्रत काढली. नंतर मला बोलावून दाखवली. खरं सांगतो, आधार कार्डावरचा माणूस इतका विचारवंत दिसलेला मी कधी पाहिला नाही. ती वाळल्यावर संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून एजन्सीत गेलो. मी मागं बसून प्रत दोन्ही हातांत आडवी धरली होती, वळू नये म्हणून.

काउंटरवरच्या मुलीनं ती घेतली, दोन बोटांनी चाचपली आणि फाइलला लावायला पंचिंग मशीनमध्ये घातली. मशीन अर्ध्यावर अडकलं. तिनं दोन्ही हातांनी दाबलं. स्नेह्यांनी डोळे मिटले.

"काका, ही सही पेन्सिलीची आहे," ती म्हणाली. "पेन्सिल चालत नाही."

"पेन्सिल दीडशे वर्षं टिकते."

"आणि हे कोपऱ्यात १/१ काय लिहिलंय? एकच पान? पाठपोट लागतं, काका. पत्ता मागं असतो."

"मागच्या बाजूला कोटिंग नसतं," स्नेही म्हणाले.

तिनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "शेजारी झेरॉक्स आहे, तिथनं काढून आणा. दोन रुपये घेतो."

"कागद कुठला वापरतो?" स्नेह्यांनी विचारलं.